मिलानहून एका दिवसात जेनोवा: पंधरा-वीस जणांना घेऊन जाणाऱ्यासाठी

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्या सतरा जणांच्या ग्रुपवर मी ‘शनिवारी जेनोवा’ एवढंच टाकलं होतं. तासाभरात मावशींनी पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं की आम्ही जिनिव्हाला निघालोय. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये. आपलं जेनोवा, म्हणजे इंग्रजीतलं जेनोआ, इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचं बंदर. हसण्यावारी नेऊ नका, कारण जिनिव्हाची गाडीसुद्धा मिलानो सेंट्रालेवरूनच सुटते. सतरा जणांतला एखादा चहाचा कप हातात घेऊन भलत्या फलाटावर उभा राहू शकतो. म्हणून ग्रुपवर गाडीचा नंबर टाका, नुसतं गावाचं नाव नको.

मिलानमध्ये राहणाऱ्यांकडे उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे येतात. व्हेनिस आणि कोमो झालं की ‘आता समुद्र दाखव’ अशी फर्माईश होते. चिंक्वे तेर्रेला (किनाऱ्यावरची पाच गावं) एका दिवसात ज्येष्ठांना आणि लहान मुलांना घेऊन जाणं म्हणजे गर्दीत उभं राहून दमणं. त्यापेक्षा जेनोवा बरं. गाव मोठं आहे, खरंखुरं आहे आणि गाडी थेट जाते. अडचण एकच: जेनोवा हे उभं आणि अरुंद गाव आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरांवर घरं. गल्ल्या इतक्या निमुळत्या की दोघं शेजारी चालली तर तिसऱ्याला भिंतीला चिकटावं लागतं. इथे सतरा जणांचा घोळका करून चालायचा हट्ट धरलात तर दिवस वाया गेलाच. खालचं सगळं नियोजन त्या एका गोष्टीभोवती आहे.

तारीख ठरवताना

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर हे चांगले दिवस. ऑगस्ट टाळा. ऊन तर असतंच, शिवाय १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीच्या आगेमागे बरीच लहान दुकानं आणि खानावळी बंद असतात. सोमवारही नको, त्या दिवशी स्त्रादा नुओव्हाची (म्हणजे आताच्या वीया गारिबाल्दी रस्त्यावरची) संग्रहालयं बंद असतात. आम्हाला शनिवार सर्वांत सोयीचा पडतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला जायचंच असेल तर हवामान खात्याचा ‘आल्लेर्ता’ (इशारा) बघितल्याशिवाय निघू नका. पिवळा असेल तर छत्री घ्या. नारिंगी असेल तर विचार करा. लाल असेल तर घरी बसा. हा उगाच घाबरवायचा प्रकार नाही. डोंगर समुद्राला इतके लगटून आहेत की पडलेला पाऊस थेट गावातून वाहतो. ४ नोव्हेंबर २०११ आणि ९ ऑक्टोबर २०१४ चे पूर तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. लाल इशाऱ्याला शाळा, बागा, संग्रहालयं बंद ठेवतात, म्हणजे गेलात तरी बघायला काही नाही.

दुसरी तपासणी संपाची. इटलीत ‘शोपेरो’ आधी जाहीर होतो, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक रीजनल गाड्या चालवाव्याच लागतात. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी ही हमी नसते. उन्हाळ्यात मार्गाच्या कामांमुळे वेळापत्रकही बदलतं. महिनाभर आधी पाहिलेली गाडी त्या दिवशी असेलच असं गृहीत धरू नका.

आणि फुटबॉल. मारास्सीचं स्टेडियम ब्रिन्योले स्टेशनपासून फार लांब नाही. सामन्याच्या दिवशी त्या बाजूला जायचं टाळा. तिथल्या जुन्या क्लबचं पूर्ण नाव ‘जेनोआ क्रिकेट अँड फुटबॉल क्लब’ आहे बरं का. १८९३ मध्ये इंग्रजांनी काढला, क्रिकेट नावापुरतं उरलं. आमच्या काकांना अख्ख्या सहलीतली हीच माहिती सर्वांत आवडली.

माणसं विभागा

सतरा जणांच्या तीन तुकड्या करा. प्रत्येकीत एक असा माणूस हवा ज्याला मोडकंतोडकं का होईना इटालियन येतं, ज्याच्या फोनमध्ये डेटा आहे आणि जो चिडत नाही. शेवटची अट पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची. तुकड्या कुटुंबाप्रमाणे पाडू नका, चालण्याच्या वेगाप्रमाणे पाडा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि दहा वर्षांचा नातू एकाच तुकडीत असले की दोघंही वैतागतात.

भेटीच्या जागा तीनच ठेवा. सकाळी प्रिन्चिपे स्टेशनबाहेर कोलंबसचा पुतळा, दुपारी सान लोरेन्झो कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरचे दगडी सिंह, संध्याकाळी बंदरातला ‘बीगो’ (पांढऱ्या डोलकाठ्या फाकवल्यासारखा दिसतो, लांबूनच ओळखू येतो). कुणी चुकलं तर त्यानं शोधत फिरायचं नाही, पुढच्या जागेवर जाऊन थांबायचं. हा नियम आधी आजी-आजोबांना तोंडपाठ करायला लावा.

पैशांचं आधीच ठरवा. टीटीएमएम करायला गेलात तर सतरा कॉफ्यांसाठी सतरा वेळा कार्ड मशीन फिरतं आणि गल्ल्यावरचा माणूस तुमच्याकडे बघत राहतो. माणशी ठरावीक कॉन्ट्री काढून एकाच्या हातात रोख द्या. खानावळीत बिल एकच येतं, त्याचे सारखे भाग करण्याला इटालियन लोक ‘अल्ला रोमाना’ म्हणतात. त्यात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी बसण्याची रक्कम असेल. ती फसवणूक नाही, मेनूवर लिहिलेली असते.

पासपोर्ट किंवा राहण्याचा परवाना प्रत्येकाकडे हवा. तिकिटावर नाव असेल तर तपासनीस ओळखपत्र मागू शकतो.

गाडी

मिलानो सेंट्रालेहून दोन प्रकारच्या गाड्या आहेत. इंटरसिटीला साधारण दीड तास लागतो. तिकीट त्याच गाडीचं आणि त्याच जागेचं. लवकर काढलं तर स्वस्त. रीजनलला दोन तासांच्या आसपास लागतात, भाडं अंतरावर ठरलेलं, आज काढा नाहीतर महिन्यापूर्वी, तेवढंच. माझा अनुभव असा की जाताना इंटरसिटी घ्यावी, म्हणजे सगळे एका डब्यात बसतात आणि वेळेवर निघावंच लागतं. येताना रीजनल, कारण संध्याकाळी सतरा माणसं कुठल्याही ठरलेल्या मिनिटाला स्टेशनवर पोचत नाहीत.

रीजनलच्या तिकिटात एक खोच आहे. ते मोबाईलवर असेल तर गाडीत चढण्याआधी ‘चेक-इन’चं बटण दाबावं लागतं. कागदी असेल तर फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. पैसे भरले म्हणजे झालं असं नाही. आमच्या पहिल्या खेपेला एका जोडप्याचं बटण दाबायचं राहिलं आणि तपासनिसानं शांतपणे दंडाची पावती फाडली. वाद घालून उपयोग नाही. तेव्हापासून मी फलाटावर मोठ्यानं हाक देते: “बटण दाबलं का?” लोक बघतात. बघू देत.

सुरुवातीचा तासभर सपाटी आहे. पावियाच्या बाजूला भातखाचरं लागतात. मे महिन्यात पाण्यानं भरलेली असली तर आई-वडिलांना खिडकीकडे बसवा, इटलीत भात पिकतो यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. अर्क्वाता सोडलं की डोंगर आणि बोगदे सुरू होतात. कोकण रेल्वेनं गेलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

भाड्याच्या बसनं जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की सेर्राव्हाल्लेनंतर ए-७ महामार्ग वळणावळणाचा आहे. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा. शिवाय बस जुन्या गावात शिरू शकत नाही, चालायचं ते चालायचंच. मी रेल्वेच्या बाजूची.

जेनोवात दोन मोठी स्टेशनं आहेत, पियात्सा प्रिन्चिपे आणि ब्रिन्योले. सकाळी प्रिन्चिपेला उतरा. हे आदल्या रात्रीही सांगा आणि गाडीतही सांगा.

सकाळ: आधी वर, मग खाली

स्टेशनबाहेर आपल्याकडे यायला निघालेला आणि भलतीकडे पोचलेला कोलंबस उभा आहे. त्याच्या पायाशी माणसं मोजा. मग वीया बाल्बीनं सरळ निघा. तिथून नुन्त्सियाता चौक, वीया कैरोली आणि वीया गारिबाल्दी. हा रस्ता सलग आणि पुरेसा रुंद आहे, घोळका चालतो. गुगलचा नकाशा सर्वांत जवळचा म्हणून वीया प्रेच्या गल्लीत घालायला बघेल, ऐकू नका. दिवसा तिथे धोका असा नसतो, पण दाटी फार आणि पाकिटमारांना सोयीची. सामानवाली मंडळी तिथे नकोत.

वीया गारिबाल्दीवर थांबायचा मोह आवरा. आधी रस्त्याच्या टोकाजवळच्या पियात्सा पोर्तेल्लोला जा. तिथल्या बोगद्यातून आत गेलं की जुन्या धाटणीची लिफ्ट आहे, ती वर कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर सोडते. लिफ्ट ही इथली सार्वजनिक वाहतूक आहे, बससारखी. डोंगरावर राहणारे लोक दळण आणायला जावं इतक्या सहज ती वापरतात. वरून सगळं गाव एकदम कळतं: राखाडी स्लेटची छपरं, मध्ये काळ्या भेगांसारख्या गल्ल्या, पलीकडे क्रेन आणि जहाजं, उजव्या टोकाला लांतेर्ना. हे दीपगृह आजच्या रूपात १५४३ पासून उभं आहे. प्रत्येक तुकडीला इथे दहा मिनिटं द्या आणि बोटानं दाखवा, आपण कुठून आलो, कुठे जायचंय. नंतर गल्लीत हरवलेला माणूस यावरच सुटतो, कारण जेनोवाचा एकच नियम आहे: उतार पकडला की समुद्र येतो. गल्ल्यांत उंच भिंतींमुळे फोनवरचा निळा ठिपका भरकटतो, उतार भरकटत नाही.

खाली येऊन वीया गारिबाल्दी. सोळाव्या-सतराव्या शतकात इथल्या सावकारांनी बांधलेले वाडे दोन्ही बाजूंना आहेत. शहरात परदेशी राजे-राजदूत आले की त्यांना कुणाच्या वाड्यात उतरवायचं याच्या सरकारी याद्या असत, त्यांना ‘रोल्ली’ म्हणत. अशा ४२ वाड्यांना २००६ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. वर्षातून दोनदा ‘रोल्ली डेज’ असतात, तेव्हा एरवी बंद असलेले खासगी वाडेही बघता येतात. तारीख जुळली तर सोन्याहून पिवळं, पण गर्दीची तयारी ठेवा.

या रस्त्यावरची तिन्ही संग्रहालयं बघायच्या फंदात पडू नका. तुर्सी वाड्यात पागानीनीचं व्हायोलिन आहे, ग्वार्नेरीनं १७४३ मध्ये घडवलेलं. त्याच्या दणदणीत आवाजामुळे पागानीनीनं त्याला ‘तोफ’ म्हणायला सुरुवात केली. पागानीनी इथलाच, १७८२ चा जन्म. संगीताचं वेड असलेली तुकडी तिकडे जाऊ दे. बाकीच्यांनी वाड्यांच्या उघड्या दारांतून आतले चौक बघावेत. फुकट आहे आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लक्षात राहतं.

दुपार: पोटाची व्यवस्था

इथे शाकाहारी माणसाचं नशीब उघडतं. ‘फरिनाता’ म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा जाडजूड चुलतभाऊ. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “हिरवी मिरची विसरले वाटतं.” ‘पानिस्सा’ तर चक्क घट्ट पिठल्याच्या वड्या, तळलेल्या. फरक एवढाच की त्या बहुतेक वेळा मासे तळलेल्या तेलातच तळतात. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या. फरिनातावर कधी कधी बारीक मासळीही घालतात, म्हणून साधी मागा.

फोकाच्चा वजनावर मिळते. ‘ऊन एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम. माणशी दोन एत्ती धरा. कांद्याची जरूर घ्या. स्थानिक लोक ती कॅपुचिनोत बुडवून खातात. आमच्या खारी-चहाच्या परंपरेतल्या मंडळींनी हे बिनतक्रार स्वीकारलं.

पेस्तो ही इथली खासियत: तुळशीची इटालियन बहीण, पाइनचे दाणे, लसूण, ऑलिव्ह तेल, मीठ आणि दोन प्रकारचं चीज. ‘त्रोफिये’ नावाच्या पीळदार पास्त्यात अंडं नसतं, सोबत बटाटा आणि फरसबी घालतात. पण पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात, हे ज्यांना चालत नाही त्यांना आधी सांगा. ताटात आल्यावर सांगण्यात काही अर्थ नाही. रानभाज्या भरलेले ‘पान्सोती’ अक्रोडाच्या सॉसमध्ये मिळतात, अंडं चालत असेल तर तेच घ्या. ऑर्डर देताना ‘वेजेतारियानो’ एवढ्यावर विसंबू नका, ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. अँकोव्हीला मासा न धरणारा स्वयंपाकी भेटू शकतो.

जुन्या गावातल्या खानावळी लहान असतात. सतरा जणांचं टेबल मागू नका. तीन तुकड्या, तीन ठिकाणी, साडेबाराला, आधी फोन करून. अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. बसून जेवायचं नसेल तर बंदरासमोरच्या सोत्तोरीपाच्या कमानींखाली तळणीची जुनी दुकानं आहेत, तिथून घेऊन धक्क्यावर खा.

जेनोवाच्या लोकांबद्दल बाकीची इटली म्हणते की ते कंजूस आणि कुरकुरे. कुरकुरीला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, ‘मुगुन्यो’. सांगतात की जुन्या काळी खलाशी कमी पगारावर नोकरी पत्करायचे, पण कुरकुर करायचा हक्क करारात घालून घ्यायचे. आमच्या ग्रुपमधले पुणेकर हे ऐकून एकदम गावाच्या प्रेमात पडले.

कॅथेड्रल, आणि आपल्या निळीची गोष्ट

जेवून सान लोरेन्झोच्या सिंहांपाशी जमा. कॅथेड्रलला काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत. खांदे झाकलेले हवेत. आत उजव्या बाजूला एक मोठा तोफगोळा ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमारानं शहरावर मारा केला तेव्हा तो भिंत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. मुलांना आधी हाच दाखवा, मग ती बाकीचं चर्च शांतपणे बघतात.

शेजारच्या धर्मप्रांताच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातली निळ्या लिननवर पांढऱ्या रंगानं रंगवलेली मोठमोठी कापडं आहेत. कापडाचा निळा रंग नीळ वापरून दिलेला. फ्रेंचमध्ये जेनोवा म्हणजे ‘झेन’, आणि जीन्स हा शब्द तिथूनच आला असं मानतात. त्याच जातीच्या जाड्याभरड्या कपड्याला दुसरा शब्द आहे ‘डंगरी’, तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून आलेला. एका बंदराचं आणि एका वस्तीचं नाव जगभरच्या कपाटात जाऊन बसलं. ज्यांना कापडात रस आहे त्यांनी इथे अर्धा तास द्यावा, बाकीच्यांनी आइस्क्रीम.

बंदर

वीया सान लोरेन्झोनं खाली उतरलं की पोर्तो आन्तीको, म्हणजे जुनं बंदर. मध्ये ‘सोप्राएलेव्हाता’ हा उड्डाणपूल आडवा येतो. मुंबईकराला त्यात काही नवल नाही. १९९२ पर्यंत हा जुना धक्का कुंपणाआड होता, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या भिंतीमागे समुद्र दिसत नाही तसा. कोलंबसच्या प्रवासाला ५०० वर्षं झाल्याच्या प्रदर्शनासाठी इथल्याच रेन्झो पियानो या वास्तुविशारदानं तो मोकळा केला. सगळं सपाट आहे, बाक आहेत, स्वच्छतागृहं आहेत. ज्येष्ठांना इथेच दोन तास बसू द्या, त्यांच्यावर आणखी काही लादू नका.

मत्स्यालय मोठं आहे आणि मुलं मागे लागतील. नीट बघायला अडीच-तीन तास लागतात, तिकिटाला वेळ ठरलेली असते आणि ते आधी काढावं. माझं मत: मुलं असतील तर दोन मोठ्यांनी त्यांना घेऊन जावं, सगळ्या ग्रुपनं नव्हे. दिवसातला सर्वांत मोठा तुकडा माशांपुढच्या रांगेत जातो. मोठ्यांसाठी गालाता हे समुद्र संग्रहालय जास्त चांगलं. त्याच्यासमोर पाण्यात ‘नाझारियो साउरो’ ही खरी पाणबुडी आहे, तिच्यात शिरता येतं. दारं गोल आणि बुटकी, गुडघ्यांना न झेपणारी. आम्ही नको म्हटलं असतानाही काकांनी शिरायचं ठरवलं आणि बाहेर येताना त्यांना दोघांनी ओढलं.

संध्याकाळ

पाय उरले असतील तर बोक्कादास्से. गावातच गिळला गेलेला जुना कोळीवाडा, गोट्यांचा चिमुकला किनारा, पिवळ्या-गुलाबी भिंती, उलट्या घातलेल्या होड्या. दे फेर्रारी चौकातून किंवा ब्रिन्योलेहून बस मिळते. बसची तिकिटं आधीच तंबाखूच्या दुकानातून, मोठ्या ‘टी’ची पाटी असते तिथून, सगळ्यांसाठी एकदम घेऊन ठेवा. सतरा जण एका बसमध्ये चढू नका, दोन बसमध्ये जा. सूर्य कलताना तिथे पोचायचं, आणि गोट्यांवर चालायला घट्ट बूट हवेत. घसरणाऱ्या चपला घातलेल्यांनी बाकावर बसावं.

परतीला प्रिन्चिपेऐवजी ब्रिन्योलेला गाडी पकडा. मिलानच्या बऱ्याच रीजनल तिथूनच सुटतात, त्यामुळे सगळ्यांना बसायला जागा मिळते. प्रिन्चिपेला चढणाऱ्यांना ती मिळेलच असं नाही. अर्धा तास आधी पोचा, माणसं मोजा, बटण दाबायची आरोळी द्या.

आणि पेस्तो. ताजा घेतलात तर घरी पोचताच फ्रिजमध्ये टाका. भारतात न्यायचा असेल तर बंद बाटलीतला घ्या आणि चेक-इन बॅगेत ठेवा. विमानतळावर पेस्तो द्रव धरला जातो, आणि हातातल्या बॅगेतल्या द्रवाला अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असते. मावशींच्या तीन बाटल्या माल्पेन्साच्या तपासणीत राहिल्या, आणि पुण्यात पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की जिनिव्हाहून आणलेला पेस्तो विमानतळावर काढून घेतला.